वाचकांचे प्रश्न : ‘सर्वानुमते’ हा शब्द आणि बाबासाहेबांची लोकशाही

मागच्या अंकात मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणावर लिहिलं होतं. घटना मंजूर झाली 26 नोव्हेंबरला, आणि हे भाषण त्याच्या आदल्या दिवशीचं. लोकशाही नुसती कागदावर न राहता खरोखर टिकवायची असेल तर तीन गोष्टी करा, असं त्यांनी घटना समितीत सांगितलं. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टं घटनात्मक मार्गानंच गाठा. माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. आणि राजकीय लोकशाहीवर थांबू नका, तिची सामाजिक लोकशाही करा.

त्या लेखावर दापोलीपासून देवगडपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली, मुंबईतल्या चाकरमान्यांचीही आली. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. मी 31 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. बाबासाहेबांची भाषणं मी वाचली ती ग्रामपंचायतीच्या टेबलावर, दोन सभांच्या मधल्या वेळेत. त्यामुळे माझी उत्तरंही तिथलीच आहेत.

प्रश्न : भाऊ, सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे सगळं सोडून द्या, ते ‘अराजकाचं व्याकरण’ आहे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंत. पण चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यांनीच केला ना? आमच्याकडे एखाद्या प्रकल्पाविरुद्ध लोक रस्त्यावर बसले की हेच वाक्य आम्हाला ऐकवतात. मग आम्ही घरी बसायचं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजापूर तालुका

घरी अजिबात बसायचं नाही. तुम्हाला ऐकवतात ते अर्धंच वाक्य आहे. त्याच्या आधी बाबासाहेब असं म्हणाले होते की घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते, तेव्हा दुसऱ्या मार्गांना पुष्कळ समर्थन होतं. आता मार्ग मोकळे झाल्यावर ते उरलेलं नाही. म्हणजे सगळा भार ‘मार्ग मोकळे आहेत का’ या प्रश्नावर आहे, आणि तो प्रश्न आंदोलकांनी विचारायचा तसा सरकारनंही स्वतःला विचारायचा आहे.

आता महाड. ही हकिगत तारखांसकट ठाऊक असावी, कारण बहुतेकांना एकच तारीख माहीत असते. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाण्याला कोणी हात लावला नाही, तशी हिंमत कोणाला होऊ दिली गेली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब परिषदेतल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. याचा अर्थ असा की त्या दिवशी कायदा त्यांच्याच बाजूनं होता. नगरपालिकेनं जे कागदावर दिलं होतं ते त्यांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्याकाठ्या चालल्या. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उगारू दिला नाही. मग गोमूत्र, शेण, दूध, दही घातलेल्या 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला 1924 चा ठरावही मागे घेतला.

आता डिसेंबर 1927 पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. पुन्हा सत्याग्रह करायला हजारो माणसं महाडात जमली होती. नावं नोंदवलेली, तुरुंगात जायची तयारी झालेली. तेवढ्यात तळं खाजगी आहे असा दावा करून काही सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. लोकांचा आग्रह होता की हुकूम मोडायचा. चर्चा झाली, जोरदार झाली. आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवतून मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता. ज्यांच्या पूर्वजांना शेकडो वर्षं पाण्याला शिवू दिलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन ओंजळ आवरली, कारण एका दिवाणी न्यायाधीशाचा कागद मध्ये होता. मग दावा चालला. महाडचं कोर्ट, मग ठाण्याचं, मग मुंबई हायकोर्ट. निकाल त्यांच्या बाजूनं लागला मार्च 1937 मध्ये. दहा वर्षं गेली.

मी तळं पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीला लागल्यावर, खेडहून एसटीनं महाडला कामासाठी गेलो तेव्हा. पायऱ्या उतरून पाण्यात हात बुडवला. भर गावातलं तळं, चहूबाजूंनी घरं. त्या घरांच्या खिडक्यांतून 1927 मध्ये कोणी काय पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही. आणि मला मार्चच्या त्या ओंजळीइतकीच डिसेंबरची आवरलेली ओंजळही मोठी वाटते.

पण यातून तुमच्या सभा आणि मोर्चे बेकायदा ठरत नाहीत. बिनहत्यारी, शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 नं दिलेला आहे. स्वतः बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला खोती, म्हणजे खोतानं कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक कायदे मंडळात मांडलं, आणि 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. आत विधेयक, बाहेर शेतकरी. अलिबाग तालुक्यात चरी-कोपरचा कुळांचा संप तेव्हा चालूच होता. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली तो 1933 ते 1939 चालला. ते विधेयक त्या वेळी काही कायदा झालं नाही. खोती जायला 1949 चा खोती निर्मूलन कायदा यावा लागला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खोताच्या खळ्यात वेठीला भात झोडला, त्या आपल्या कोकणातल्या घरांना तो उशीर किती मोठा होता हे समजावून सांगायला नको.

राहिली दुसरी बाजू. जनसुनावणीची नोटीस लोकांना मिळाली ती आदल्या संध्याकाळी, अहवाल इंग्रजीत, हरकत घ्यायला गेलेल्या माणसाला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं उत्तर. अशा वेळी घटनात्मक मार्ग बंद करणारा माणूस रस्त्यावर बसलेला नसतो, तो खुर्चीत बसलेला असतो. मी त्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसत आलो म्हणून हे ठामपणे सांगतो. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ते वाक्य ऐकवलं, तर हातात 1949 चं सबंध भाषण ठेवा आणि आधीचं वाक्य वाचून दाखवा. आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या, कोर्टात जायची वेळ आली तर तीच पोच कामाला येते.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. शिमगा आणि गणपती चुकवत नाही. बाबासाहेबांबद्दल आदर आहे, पण खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा असं ते म्हणाले हे वाचून वाईट वाटलं. गावावर एवढा राग का?
— एक चाकरमानी

तुमचं वाईट वाटणं मला समजतं. गावाच्या आठवणीवर शहरात दिवस काढणाऱ्या माणसाला ते बोल लागणारच. ते 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना बोलले. खेडं हा राज्याचा पाया का केला नाही, अशी टीका होत होती. जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, विशेषतः मेटकाफनं, हिंदुस्थानातली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकं आहेत असं कौतुक केलं होतं आणि आपल्याकडच्या शहरी सुशिक्षितांनी ते डोक्यावर घेतलं होतं. त्यावर त्यांनी हा घाव घातला. घटना समितीतले पुष्कळ सभासदही त्यामुळे नाराज झाले.

पण बोलणारा माणूस कुठला होता तेही बघा. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं. कोकणातलं गाव ते ऐकून ओळखत नव्हते. आपल्या गावाचा नकाशाच डोळ्यांपुढे आणा : खोतवाडी कुठे, कुणबीवाडी कुठे, तेलीवाडी, भंडारवाडा, आणि बौद्धवाडी कुठे. विहीर कोणाच्या वाडीत, पऱ्या म्हणजे ओढा कोणाच्या खालच्या अंगाला. चाकरमान्याला गाव दिसतं ते पालखी नाचताना आणि मखर सजताना. मला ते घरपट्टीच्या रजिस्टरातून आणि नळाच्या तक्रारीतून दिसलं. दोन्ही गावं खरीच आहेत.

एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात माझी बदली झाली. ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरायची, कारण तेवढी मोठी दुसरी जागा नव्हती. पहिल्याच सभेत मी हजेरीचं रजिस्टर फिरवलं. पाहतो तर एका वाडीची सात-आठ माणसं मंडपाच्या पायरीखाली उभी, जिथे बाकीच्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. त्यांना कोणी ‘वर येऊ नका’ म्हटलं नव्हतं. ‘वर या’ असंही कोणी म्हटलं नव्हतं. शिपाई रजिस्टर घेऊन पायरीखाली गेला, त्यांनी उभ्या उभ्या सह्या-अंगठे केले. गणपूर्ती झाली. कायद्याच्या दृष्टीनं ती सभा चोख होती. पुढची सभा मी सरपंचांना सांगून शाळेच्या पडवीत घेतली, आणि तिथे तीच माणसं सतरंजीवर बसली. बोलली मात्र वर्षभरानं.

बाबासाहेब लोकशाहीला नुसती राज्यपद्धती मानत नव्हते. ‘जातिनिर्मूलन’ या 1936 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे की लोकशाही ही मुळात एकत्र जगण्याची रीत आहे, शेजारच्या माणसाबद्दल आदर बाळगण्याची वृत्ती आहे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई हे त्यांचे गुरू, त्यांच्या विचाराचा हा धागा. त्या पायरीखालच्या माणसांना मताचा अधिकार पूर्ण होता, आणि सतरंजीवर जागा नव्हती. 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे त्यांचं वाक्य मला पहिल्यांदा कळलं ते त्या पायरीवर.

आणि त्यांनी गावाला स्वराज्य नाकारलं असंही नाही. 1932 मध्ये मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना त्यांचा आग्रह होता की दलितांना खास प्रतिनिधित्व नसेल तर अशी स्वराज्य संस्था आपल्याला मान्य नाही. घटना समितीत नोव्हेंबर 1948 मध्ये ग्रामपंचायतींची दुरुस्ती के. संथानम यांनी मांडली तेव्हा त्यांनी ती स्वीकारली, तेच आजचं कलम 40. पुढे 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. 1932 मध्ये ज्याची अट घातली होती ते 61 वर्षांनी आलं. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचं भांडण गावाशी नव्हतंच, गावाच्या उतरंडीशी होतं. तुम्ही गणपतीला याल तेव्हा एक संध्याकाळ आपल्या वाडीतून निघून शेवटच्या वाडीपर्यंत चालत जा, आणि तिथल्या एखाद्या पडवीत बसून चहा घ्या. मग पुन्हा पत्र लिहा. मी वाट बघतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी विचारतो. ‘घटनात्मक नीती’ म्हणजे नेमकं काय? पुस्तकातली व्याख्या पाठ होते, पण समजत नाही.
— विद्यार्थी, चिपळूण

हा शब्द बाबासाहेबांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून घेतला. घटनेनं ठरवून दिलेल्या पद्धतींबद्दल मनापासून आदर, अधिकाऱ्यांचं ऐकणं आणि त्याच वेळी त्यांच्यावर मोकळेपणानं टीका करणं, आणि आपल्या विरोधकालाही ही घटना तितकीच पवित्र वाटते असा विश्वास. हे सगळं मिळून ती नीती होते. ती निसर्गतः येत नाही, लावून घ्यावी लागते, असं ते म्हणाले. भारतातली लोकशाही ही मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचा वरचा थर आहे, असंही म्हणाले.

समजण्यासाठी उदाहरण घे. निवडणुकीत हरलेला सरपंच नव्या सरपंचाकडे दप्तर, शिक्का आणि कपाटाची किल्ली कशी देतो ते बघ. कायदा म्हणतो, द्यायचं. पण मी असे सरपंच पाहिले जे पंधरा दिवस तोंड दाखवत नव्हते, आणि असा एकजण पाहिला जो मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला, किल्ली टेबलावर ठेवली, आणि ‘त्या पाण्याच्या मोटारीची वॉरंटी मार्चपर्यंत आहे, विसरू नका’ असं त्याला हरवणाऱ्याला सांगून गेला. परीक्षेत मोटार लिहू नकोस, पण लक्षात मोटारच ठेव.

प्रश्न : राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता, असं बाबासाहेब म्हणाले. पण आम्ही घरोघरी त्यांचीच तसबीर लावतो, हार घालतो. हे चुकतं का?
— गृहिणी, मंडणगड तालुका

तसबीर काढू नका, ताई. ज्यांनी पाणी, शाळा आणि मत मिळवून दिलं त्यांची तसबीर घरात असणं ही कृतज्ञता आहे, आणि देशाची आयुष्यभर सेवा केलेल्यांबद्दल कृतज्ञता बाळगण्यात काही चूक नाही असं त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचं म्हणणं उद्धृत केलं होतं की कोणतंही राष्ट्र आपलं स्वातंत्र्य गमावून कृतज्ञ राहू शकत नाही. धर्मात भक्तीनं आत्म्याला मुक्ती मिळत असेल, राजकारणात ती चालत नाही. याच विषयावर ते 18 जानेवारी 1943 ला पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानातही बोलले होते.

माझी एक सूचना आहे. 14 एप्रिलला मिरवणुकीनंतर 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाची चार पानं तुमच्या वाडीतल्या एखाद्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा. त्यांचंच म्हणणं, त्यांच्याच तसबिरीसमोर.

प्रश्न : आमच्या गावात चार निवडणुका बिनविरोध झाल्या. गावकी देवळात बसते, नाव ठरतं, फॉर्म एकच भरला जातो. भांडण नाही, खर्च नाही, पोलीस बंदोबस्त नाही. ही सर्वांत चांगली लोकशाही नाही का? तुमच्या लेखात विरोधी पक्षाचं एवढं कौतुक का?
— गावकीचे एक मानकरी, गुहागर तालुका

तुमच्या पत्रात गावाबद्दलची कळकळ आहे, म्हणून सरळ लिहितो. निवडणुकीतून घरं फुटलेली, भाऊ-भाऊ एकमेकांच्या मयताला न गेलेले मीही पाहिले आहेत. ते टाळावंसं वाटणं योग्यच आहे. बिनविरोध निवडून येणं कायद्यानं चूक नाही. काही आमदारांनी 2020-21 च्या निवडणुकांत बिनविरोध गावांना निधीही जाहीर केला होता. मला ते पटलं नव्हतं. उलट त्याच निवडणुकांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं म्हणून उमराणे आणि खोंडामळी या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली, आणि ते बरोबर केलं. बाहेरून दोन्ही ठिकाणी ‘एकमत’च दिसत होतं.

22 डिसेंबर 1952 ला पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी व्हायच्या अटी सांगितल्या. मोठी विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यासमोर आणि कारभारात समता हवी, घटनात्मक नीती हवी, बहुमतानं अल्पमताला चिरडू नये, समाजात नीती हवी आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी. त्यातल्या विरोधी पक्षावर ते जरा थांबले. दर पाच वर्षांनी लोकांपुढे जाणं एवढ्यानं भागत नाही. सत्तेत असलेल्याला तिथल्या तिथे ‘हे का केलं’ असं विचारणारं कोणीतरी समोर हवं. त्याच भाषणात लोकशाहीची त्यांची व्याख्या आहे : लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्त न सांडता क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती. ‘रक्त न सांडता’ यात तुमची शांतता आली. ‘क्रांतिकारक बदल’ यात शेवटच्या वाडीचं काय ते आलं. दोन्ही एका वाक्यात आहेत.

म्हणून तुम्हाला एकच विचारतो. चार निवडणुकांत गावकीनं ठरवलेल्या नावाला कोणाला ‘नको’ म्हणायचं असतं, तर तो म्हणू शकला असता का? म्हटल्यावर त्याच्या दारात पालखी आली असती का? गिरणीवर त्याचं दळण घेतलं असतं का? त्याच्या घरच्या मयताला खांदा मिळाला असता का? रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याच्या किती तक्रारी झाल्या ते तुम्हीही ऐकलं आहे. त्यासाठी महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तुमच्या गावात तसं काही नसेल, मी तसं म्हणतही नाही. पण ‘नको’ म्हणणाऱ्याला भीती नाही, हे गावकीनं देवळात एकदा उघड बोलून दाखवलं, तर पाचवी निवडणूक बिनविरोध झाली तरी मला ती पटेल. झाली नाही तरी पटेल.

बाबासाहेबांना सभा आणि मतदान ही विलायती गोष्ट वाटत नव्हती, हेही तुम्हाला आवडेल. 1949 च्या भाषणात त्यांनी सांगितलं की बौद्ध भिक्षूंच्या संघाला संसदेच्या कामकाजाचे सगळे नियम ठाऊक होते : बसायची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान. संघात मत द्यायला सलाका म्हणजे लाकडाच्या लहान कांड्या वापरत. अडीच हजार वर्षांपूर्वी या देशात कोणाचं मत वेगळं पडलं तर त्यासाठी वेगळी कांडी ठेवलेली असायची.

प्रश्न : भाऊ, मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आले. सभेत मी एका ठरावाला विरोध केला. लिहिताना ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. विचारलं तर म्हणाले, ‘ताई, एका मतासाठी कशाला, गावात एकी दिसली पाहिजे.’ मी काय करू?
— सदस्य, बाणकोट खाडीकाठचं गाव

ताई, सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी जास्त वेळा वाचलं. कारण ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द माझ्या हातानं किती वेळा लिहिले गेले त्याची गणती नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हात सरावानं लिहीत जातो.

1990 च्या दशकात एका गावात नळपाणी योजनेची जागा ठरवायची ग्रामसभा होती. टाकी कुठे बांधायची आणि लाईन कुठून कुठे न्यायची, हा विषय. ठरलेली जागा अशी होती की बौद्धवाडी टाकीपेक्षा उंचावर पडत होती. तिथली एक म्हातारी बाई, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, सभेत उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘भाव, माजा इरोध हाय. तो लिवा.’ सरपंच हसले, दोघं-चौघं हसले. सरपंच मला म्हणाले, ‘पुढे चला.’ मी पुढे गेलो. मी लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ ती बाई माझ्या पेनकडे बघत उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी तिच्या बोलण्यानंतर काहीच लिहिलं नाही एवढं तिला दिसत होतं. मग ती खाली बसली. टाकी तिथेच झाली. त्या वाडीला पाणी कधी चढलंच नाही, पुढे त्यांच्यासाठी वेगळी विंधण विहीर मारावी लागली. पण मला सलतं ते पाणी न चढणं नव्हे, तांत्रिक चुका होतात. मला सलतं ते हे की तिचा ‘नाही’ कुठेही शिल्लक राहिला नाही. कोणी ते प्रोसिडिंग बुक आज उघडलं तर त्याला वाटेल, तीही हो म्हणाली होती.

त्यानंतर मी विरोध लिहायला शिकलो. म्हणून तुम्हाला जे सांगतो ते करून बघितलेलं आहे.

प्रत्येक सभेत पहिला विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ बहुतेक ठिकाणी ते न वाचताच कायम होतं. तुम्ही म्हणायचं, वाचा. वाचून झालं की उभं राहून सांगायचं, मागच्या सभेतल्या अमुक क्रमांकाच्या ठरावाला माझा विरोध होता, इतिवृत्तात तशी दुरुस्ती करा. तेच लेखी आणायचं, दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्क्यासह पोच घ्यायची. तुमच्या बाजूनं बोलायला एक जरी सदस्य असेल तर त्यालाही सही करायला सांगा. नसेल तर एकटीची सही पुरते.

पुढच्या वेळी ठराव मताला टाकला जाईल तेव्हा मोजणी मागा. हात किती वर, किती खाली, आणि ते आकडे लिहा असं म्हणा. आकडा लिहिला की ‘सर्वानुमते’ आपोआप ‘बहुमताने’ होतो, कोणाशी भांडावं लागत नाही.

तरी ऐकलं नाही तर माहिती अधिकाराखाली त्या इतिवृत्ताची नक्कल मागा, 30 दिवसांत ती द्यावी लागते. नक्कल आणि तुमची पोच, दोन्ही जोडून पंचायत समितीत गट विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. तिथेही पोच घ्या.

ग्रामसेवकाशी रागानं बोलू नका. त्याच्यावर वरून किती दाब असतो ते मला माहीत आहे, आणि तो माझ्यासारखा पुढे जायला बघत असेल. त्याला शांतपणे सांगा, ‘भाऊसाहेब, माझा विरोध एका ओळीत लिहा, मी थांबते.’ आणि तो लिहीपर्यंत उभ्या राहा.